डोहासुराच्या पाठीवरची पांढरी रेघ

आत्याबाईंच्या दुकानाबद्दल गल्लीत एक बोलणं होतं: तिथे पँट शिवायला टाकली की पँट फाटेल, पण शिवण फाटायची नाही. बाई प्रत्येक शिवणीवर दोनदा टीप मारायच्या. घाईतलं गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायच्या, "एकदाच मारलेली हवी असेल तर पुढच्या गल्लीत जा." आत्याबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. भाचरं हाक मारायची, ती साऱ्या गल्लीने उचलली होती. वय त्रेसष्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंडात कायम एक टाचणी. त्यामुळे बोलणं कमी.

ही दुहेरी टिपेची खोड कुठून लागली, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच.

बाविसाव्या वर्षी त्या एका चित्रपटाच्या शिवणखात्यात कामाला होत्या. चित्रपटाचं नाव ‘डोहासुर’. तळ्यातून उठून वस्तीची धूळधाण करणारा राक्षस. त्या राक्षसाचं कातडं आत्याबाईंनी शिवलं होतं. रबरी चादरी, गादीतला फोम, टायरच्या ट्यूबा असलं सगळं जोडत पंचेचाळीस दिवस बोटं सोलून घेतली. पण शेवटच्या प्रसंगात राक्षस पाठ फिरवतो, तिथे शिवण वीतभर उसवलेली होती आणि आतून माणसाचा पांढराशुभ्र बनियान डोकावत होता. चित्रीकरणात कुणाच्या लक्षात आलं नाही, पडद्यावर सगळ्यांच्या आलं. पहिल्याच खेळाला थिएटर पोट धरधरून हसलं. दुसऱ्या दिवशी खात्याच्या प्रमुखांनी बोलावलं. "तुझ्या एका शिवणीने सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी ओतलं. उद्यापासून येऊ नकोस." चित्रपटवाल्यांच्या दुनियेत बातमी वाऱ्यासारखी पसरते. पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही.

गंमत अशी की चित्रपट मात्र चालला. चाळीस वर्षं लोक बघत राहिले, घाबरत राहिले आणि बनियान दिसला की हसत राहिले.

आता तोच ‘डोहासुर’ नव्याने आला. अफाट पैसा ओतलेला, राक्षस सगळा संगणकावर घडवलेला. सुनेने हौसेने दोन तिकिटं काढली. "आई, चला ना. तुम्ही कधी सिनेमालाच येत नाही." नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून आत्याबाई गेल्या.

दोन तास त्या खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. राक्षस डोंगराएवढा, कातडीवर एक म्हणून सांधा नाही. शेवटी तो पाठ फिरवू लागला, तसा आत्याबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पाठीच्या मधोमध वीतभर पांढरी रेघ लखलखली. थिएटरात शिट्ट्या, टाळ्या. मागच्या रांगेतला एकजण तर उभाच राहिला.

बाहेर बायकांच्या स्वच्छतागृहासमोर ही मोठी रांग. पुढची कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला समजावत होती, "ती रेघ म्हणजे त्याची जुनी जखम आहे. माणसांनी केलेली. सगळी गोष्ट त्या रेघेत आहे."

"जखम कसली गं!" त्यांच्या पुढची एक बाई वळून म्हणाली. "जुन्या सिनेमात शिवण उसवली होती, बनियान दिसायचा. माझे बाबा अजून हसतात. कुणी शिंपी डुलक्या घेत असणार. त्याची आठवण म्हणून ठेवलीय."

रांग खळखळून हसली. सूनही हसली. आत्याबाई रांग सोडून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. सुईत दोरा ओवायचा आणि विसरून दुसरा घ्यायचा. कधी नाही ते गिऱ्हाइकांना विचारू लागल्या, "नवा डोहासुर पाहिलात? कसा वाटला?" मतांना काय तोटा! बसचालक म्हणाला, "राक्षस वाढवला, भीती आटली. जुना दारात उभा आहे असं वाटायचं, हा आभाळात." शाळेतल्या शिक्षिका म्हणाल्या की जुना आता बघवत नाही, नुसतं रबराचं बुजगावणं, नवाच बरा. न्हाव्याला दोन्ही आवडले नव्हते, आणि जुना तर त्याने पाहिलाही नव्हता. एक गृहस्थ म्हणाले, "खुर्च्या फार सुरेख आहेत हो, मला डोळाच लागला." आत्याबाई मान डोलवायच्या आणि वाट बघत राहायच्या, पाठीबद्दल कोण काय बोलतं याची. कुणी बोललं तर काळजात कळ यायची, नाही बोललं तर चैन पडायची नाही.

आठव्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि लंबूभाऊंचा पत्ता शोधून काढला. लंबूभाऊ म्हणजे त्या कातड्याच्या आतला माणूस. सामान वाहणारा हमाल, केवळ उंचीमुळे राक्षस झालेला. तो आता मुलीकडे राहत होता; दोन बस बदलून त्या तिथे पोहोचल्या. एवढा उंच माणूस खिडकीपाशी प्रश्नचिन्हासारखा वाकून बसला होता. आत्याबाईंना बघताच तो ओळखीचं हसला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"बस," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, तू एक दिवस येशील."

"लंबूभाऊ, मला एवढंच सांगा," आत्याबाई उभ्यानेच बोलल्या. "ती शिवण उसवताना तुम्हाला कळलं कसं नाही? आवाज तरी आला असेल. मी चारदा ओढून बघितली होती हो. चारदा!"

त्याने नजर खिडकीबाहेर वळवली. "उसवली नाही ती. मी कापली."

"काय?"

"आतून. जीव घुसमटला होता माझा. वर दिवे, आत रबर. तीनदा खूण केली, तर म्हणाले, आणखी एकदाच घेऊ. फोम कापायचं पातं मी हातमोज्यात ठेवलं होतं. बाहीतून हात आत ओढला आणि मागे चालवला. हवा आली तेव्हा रडलो मी."

"आणि मला काढलं तेव्हा?"

"गप्प बसलो." त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, तुला दुसरीकडे काम मिळेल. तुझ्या हातात कला होती. माझ्याजवळ काय होतं? नुसती उंची."

"एकेचाळीस वर्षं, लंबूभाऊ. एकेचाळीस वर्षं मी माझ्याच हातांना शिव्या देतेय."

"देऊ नको आता," तो म्हणाला. मग नजर चुकवत, "पण मी तुला मानेखाली दोन भोकं ठेव म्हणून सांगितलं होतं. आठवतं?"

आत्याबाई वळून निघाल्या. त्याच्या लेकीने आणलेलं पाणी तसंच राहिलं. थांब्यावर बस आली, तीत त्या चढल्याच नाहीत; तरातरा चालत सुटल्या. आधी नुसता संताप होता. भेकड मेला! मग हळूहळू ते बोलणं वर आलं. मोजमाप घेताना हा उंच माणूस खाली वाकून म्हणाला होता, "ताई, दोन भोकं तरी." खात्याचे प्रमुख म्हणाले, भोकं दिसतील, नको. आणि आपण ‘नको’ एवढंच पुढे सांगितलं होतं. त्याला श्वास कुठून मिळणार, हे विचारलंसुद्धा नव्हतं. राग धरून ठेवावा, तर तोही आता हातातून सुटायला लागला.

संध्याकाळी सुनेने भाजी निवडायला घेतली, तेव्हा आत्याबाई समोर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. सून भाजी विसरली. "आई! आणि मी त्या रांगेत हसले! तुम्ही थोबाडीत का नाही मारलीत?" मग म्हणाली, "हे लिहू या. लोक सिनेमाबद्दल लिहितात ना मोबाइलवर, तिथेच."

"नको. लोकांना काय करायचंय?"

तीन दिवस नको-नको चाललं. चौथ्या दिवशी टाचणी तोंडातून काढून आत्याबाईच म्हणाल्या, "लिही. पण त्याने भोकं मागितली होती, तेही लिही. आणि मी ठेवली नाहीत, तेही."

उत्तरं धबाधबा आली. ‘आजी, थापा मारू नका.’ ‘फुकट प्रसिद्धी.’ ‘खरं असेल तर पुरावा द्या.’ ‘जखमच आहे ती, दिग्दर्शकांनी मुलाखतीत सांगितलंय.’ एकाने तर आत्याबाईंनाच जुना चित्रपट पुन्हा नीट बघण्याचा सल्ला दिला. सून चिडून एकेकाला उत्तर द्यायला निघाली. आत्याबाईंनी तिचा हात धरला. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण आत काहीतरी नुसतं टकटक करत होतं, पुढचं वाच, पुढचं वाच म्हणत.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक निरोप आला. कुणी नाटकांचे पोशाख शिवणारी मुलगी होती. ‘तुमचं खरं-खोटं मला माहीत नाही. पण जुन्या डोहासुराची मान वळते तेव्हा रबराला एकही सुरकुती पडत नाही. मी आठवडाभर तसंच करून बघतेय, जमत नाही. तुम्ही शिवलं असेल तर सांगाल का, कसं केलं?’

आत्याबाईंनी सुनेला निरोप दोनदा वाचायला लावला. मग चष्मा वर ढकलला.

"तिला म्हणावं, रबर आधी कोमट पाण्यात ठेव. आणि तुकडे उभे कापू नकोस, तिरके काप. लिहिलंस? थांब, असं नाही. कागद आण, आकृतीच काढते. तिला सांग, उद्या दुकानात आलीस तरी चालेल, पण मापं घेऊन ये म्हणावं. आणि कातड्याच्या आत जो चालणार आहे, त्यालाही बरोबर आण."