टेकलेली कोपरं

कॉलेजच्या कार्यालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मी," म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काका, हा बारावीनंतरचा कोर्स आहे. बी.ए. आणि बी.एड. एकत्र. चार वर्षं."

"बारावी पास आहे मी. आधी मान्यतेचं पत्र बघायचंय."

"माहितीपुस्तकात छापलंय ना."

"त्यात क्रमांक छापलाय. मला पत्र बघायचंय."

पत्र निघालं. मी क्रमांक आणि तारीख वहीत उतरवून घेतली आणि घरी येऊन संगणकावर पडताळून पाहिली. जुळली. जुळली तरी दोन दिवस मन खात होतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गोदामात मी एकोणीस वर्षं स्टोअरकीपर होतो. तिथे एक गोष्ट शिकलो होतो. मोजणीत माल थोडा कमी-जास्त आला तर कोणीतरी खरंच मोजलंय. नगाला नग जुळला तर कोणीतरी नोंदवही समोर ठेवून आकडे लिहिलेत.

कारखाना राज्याबाहेर गेला तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. बिल्डिंगमधल्या मुलांचा इतिहास-भूगोल कित्येक वर्षं घेत होतो, तेवढंच एक काम मला गोदामाबाहेर येत होतं. हिशेब साधा होता. पदवी वेगळी आणि बी.एड. वेगळं केलं तर पाच वर्षं. एकत्र केलं तर चार. बायको ठाण्याला नोकरीला, तिच्या पगारावर घर चालणार होतं. तिने एकच विचारलं.

"सत्तेचाळिसाव्या वर्षी तुम्हाला कोण घेणार?"

"खासगी शाळा घेतात."

"घेतात, की घेतात असं तुम्ही धरून चाललाय?"

मी म्हटलं, "चार वर्षं. वर एक दिवस मागणार नाही."

"लिहून द्या," ती म्हणाली. तिला वाटलं मी हसेन. मी वहीत लिहिलं आणि खाली सही केली.

पहिली तीन वर्षं मी वर्गात मागच्या बाकावर बसलो. सगळे अठरा-एकोणीसचे. सुरुवातीला त्यांना वाटलं मी संस्थेने बसवलेला माणूस आहे, कोण हजर, कोण गैरहजर हे वर कळवणारा. माझ्यासमोर बोलणं थांबायचं. मला वाटायचं, ही मुलं माझ्यापासून काहीतरी लपवतात. दोन्ही बाजूंनी संशय असला की बरं चालतं. उधारउसनवार होत नाही.

चौथ्या वर्षी आम्हाला आंतरवासितेसाठी कळव्याच्या एका माध्यमिक शाळेत पाठवलं. शाळेत राहून शिकवायचं, शिकवताना एकमेकांना बघायचं. गटात सहा जण. त्यातली एक मुलगी तिथल्याच जुन्या गावातली, खाडीच्या बाजूची. एकवीस वर्षांची, आवाज खणखणीत, मला सरळ काका म्हणायची. एक जण पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून निरीक्षण तक्ता भरायचा. प्रश्न किती विचारले, हात किती वर आले, उत्तर बरोबर की चूक. सगळे तक्ता चहा पिताना भरायचे. मी जागेवर भरायचो.

आठवीचा तो वर्ग म्हणजे नवल होतं. रोज साधारण एक्केचाळीस मुलं हजर. कोणीही प्रश्न विचारला की एक्केचाळीस हात वर. ज्याला विचारावं त्याचं उत्तर बरोबर. मार्गदर्शक प्राध्यापिका खूश. आमचे गुण चढते.

इतरांचे नऊ पाठ झाल्यावर, माझी पाळी यायच्या आधी, मी बेरीज केली. बावन्न प्रश्न, बावन्न बरोबर उत्तरं. एकही चूक नाही.

गोदामात रॅकचा नकाशा काढायचो तसा मी बाकांचा नकाशा काढला. ज्या मुलाने उत्तर दिलं त्याच्या चौकटीत ठिपका. बावन्न ठिपके पंधरा चौकटींत दाटले होते. सव्वीस चौकटी कोऱ्या. त्यातली एक तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची. तिचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा. बावन्न वेळा वर गेलेला हात, आणि आमच्यापैकी एकानेही तिला एकदाही विचारलेलं नाही.

दहाव्या पाठाला मी मागे न बसता खिडकीशी स्टूल घेऊन बसलो. पाठ त्या खाडीकडच्या मुलीचा होता. मी बसताच तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

बाजूने बघितल्यावर दोन मिनिटांत कळलं. काही मुलांचं कोपर हवेत असायचं. बाकीच्यांचं बाकावर टेकलेलं. मागून दोन्ही हात सारखेच दिसतात. पुढून, फळ्याजवळून, फरक स्वच्छ दिसतो. आणि ती फक्त हवेतल्या कोपरांना विचारत होती.

शाळा सुटल्यावर वडापावच्या गाडीजवळ मी तिला गाठलं.

"मुलांना तू शिकवलंस हे?"

"काय?"

"कोपराचं."

ती मोठ्याने हसली. "काका, तुम्ही आधी पोलिसात होतात का? मी काय शिकवणार! मलाच त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी ती मॉनिटर आली आणि म्हणाली, टीचर, टेकलेलं असलं की नका विचारू."

"आणि गटातल्या बाकीच्यांना?"

"सगळ्यांना सांगितलंय. तुम्हाला नाही सांगितलं, कारण तुम्ही लिहून ठेवाल."

ते खरं होतं. मी लिहूनच ठेवलं होतं.

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी मॉनिटरला विचारलं. दोन वेण्या, हातात खडूचा डबा, अजिबात न घाबरता ती बोलली.

"सर, हे माझ्या ताईच्या वर्गापासून आहे. दरवर्षी तुमच्यासारखे शिकाऊ येतात. आम्हाला नाही आलं की तुमचे मार्क जातात. मागे एक टीचर इथेच रडलेल्या."

"आणि यात तुमचा फायदा काय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच विचारल्याची लाज वाटली. मग म्हणाली, "काहीच नाही, सर. पण तुम्ही विचारलंच म्हणून सांगते, पाठ चांगला झाला की टीचर लोक गोळ्या वाटतात."

एवढं मात्र पटलं.

मी मार्गदर्शक प्राध्यापिकांना जाऊन सांगायला हवं होतं. गेलोही, दारापर्यंत. त्या फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, की यंदाची बॅच उत्तम आहे. मी परतलो. त्यांना माहीत असेल का? इतकी वर्षं त्या याच शाळेत येत होत्या. माहीत असून गप्प असतील तर सांगून उपयोग नाही. माहीत नसेल तर सहा जणांचे गुण जातात, त्यात माझेही. मी गप्प बसलो. लपवत नाही, पुढचे सात पाठ मीही हवेतली कोपरं बघूनच प्रश्न विचारले. माझा तक्ता इतरांसारखाच निर्दोष दिसू लागला आणि माझा स्वतःवरचा विश्वास तेवढ्याने कमी झाला.

मग अंतिम पाठ आले. बाहेरच्या कॉलेजमधून परीक्षक बाई येणार, शंभरापैकी गुण देणार. पन्नासच्या खाली गेलं की निकाल अडकणार आणि पाठ पुढच्या वर्षी. म्हणजे पाचवं वर्ष. घरी वहीत माझी सही होती.

माझा पाठ आधी, त्याच वर्गावर. लगेच पुढच्या तासाला खाडीकडच्या मुलीचा, इतिहासाचा. बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "काका, आज काही काढू नका हं. प्लीज. छान विचारा, छान सुटा."

"मी काय काढणार?"

"तुमचं काही सांगता येत नाही."

पाठ स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ यांवर होता. हा विषय मी मागून घेतला होता, कारण त्यात आकडे आहेत. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवर लावलेलं, आपण त्र्याहत्तरच्या आसपास. परीक्षक बाई मागच्या भिंतीशी बसल्या होत्या, निमुळता चेहरा, मांडीवर कागद. पहिला प्रश्न, एक्केचाळीस हात. हवेतलं कोपर बघून विचारलं, बरोबर. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं. तास निम्मा झाला होता.

चौथा प्रश्न असा होता: "आपल्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा इथे सूर्याप्रमाणे किती वाजलेले असतात?"

हात वर. तिसऱ्या बाकावरचा सगळ्यांच्या आधी. कोपर टेकलेलं. माझ्या डोळ्यांपुढे ती कोरी चौकट आली. दोन महिने सहा माणसं या मुलीपुढे उभी राहून बोलली होती, आणि तिच्या डोक्यात काय पोचलं ते एकालाही माहीत नव्हतं. मालाची पेटी न उघडता वर खूण करून पुढे जावं, तसं. अशी खूण करणाऱ्या एका हाताखालच्या माणसाला मी गोदामातून काढायला लावलं होतं.

"तू सांग," मी म्हटलं.

ती उठली नाही. इकडे तिकडे पाहिलं. मग उभी राहिली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "सर, माझं कोपर टेकलेलं होतं."

वर्गातून एक "श्श" निघाला. मॉनिटरने डोक्याला हात लावला.

"काय टेकलेलं होतं?" मागून परीक्षक बाईंनी विचारलं.

चुकून विचारलं म्हणालो असतो तर बहुधा निभावलं असतं. मी म्हटलं, "बाई, कोपर टेकलेलं म्हणजे उत्तर येत नाही. तिने तसं कळवलं होतं. मी मुद्दाम विचारलं."

मग मी तिला फळ्याशी बोलावलं. साडेब्याऐंशीतून त्र्याहत्तर वजा करायला तिला वेळ लागला. साडेनऊ आले. चारने गुणायला आणखी वेळ. अडतीस. बारातून अडतीस मिनिटं मागे जाताना ती दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा मागच्या बाकांवरून कोणीतरी उत्तर पुटपुटलं. मी त्यांना गप्प केलं. अकरा बावीस. तिने खडू खाली ठेवला.

"म्हणजे सर, आपलं घड्याळ खोटं आहे?"

"पुढे आहे."

"अडतीस मिनिटं पुढे. आणि सगळे चालवून घेतात?"

"सगळ्यांची वेळ एक असावी म्हणून."

"हां," ती म्हणाली, पण तिला पटलेलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

यात अकरा मिनिटं गेली. शेवटचे दोन मुद्दे राहिले, फलकावरचा सारांश अर्धा राहिला, गृहपाठ देण्याआधी घंटा झाली. परीक्षक बाई उठल्या. त्यांनी शिपायाला सांगितलं, "माझी खुर्ची पुढे घ्या. तिकडे, खिडकीपाशी."

दारात ती खाडीकडची मुलगी नकाशा घेऊन उभी होती. तिने खुर्ची हलताना पाहिली. मी बाजूने मागे जाताना ती ओठ न हलवता म्हणाली, "झालं समाधान?"

मी मागच्या बाकावर बसलो आणि तक्ता उघडला. तिने पहिला प्रश्न विचारला. मी मोजलं. एक्केचाळीस मुलांत नऊ हात. दोन महिन्यांत त्या वर्गात एवढे कमी हात मी पाहिले नव्हते. तिने ज्याला विचारलं त्याचं उत्तर चुकलं. दुसऱ्याला विचारलं, तेही चुकलं. मला वाटलं आता ही रडणार, आणि माझ्यामुळे. तिने पदर खोचला, नकाशा खुंटीवरून काढून पहिल्या बाकावर पसरला आणि म्हणाली, "या रे सगळे इकडे. बघू कोणाला काय येत नाही ते." पुढचा अर्धा तास ती शिकवत होती. त्या वर्गावर खरोखर शिकवणारं कोणी मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यात मीही आलो.

गुण तीन आठवड्यांनी कळले. मला चोपन्न. अभिप्रायात लिहिलं होतं: वेळेचे नियोजन सदोष. ते खरंच होतं. घरी मी बायकोला आकडा सांगितला. तिने वही मागितली, माझी जुनी सही बघितली आणि म्हणाली, "चारने सुटलात."

तीन आठवडे माझ्याशी एक शब्द न बोललेल्या त्या मुलीचा त्याच संध्याकाळी फोन आला.

"काका, किती?"

"चोपन्न."

"मला एकोणऐंशी. तुमच्यापेक्षा पंचवीस जास्त. आता बोलते मी तुमच्याशी."

तिच्या पाठाचा मी भरलेला तक्ता अजून माझ्याकडे आहे. पहिला प्रश्न, हात नऊ. कंसात मी लिहिलंय, तिसरा बाक, वर. त्या नऊंत ती मुलगी होती. तिचं कोपर हवेत होतं की टेकलेलं, हे मी मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला होता. मागून दिसलं नाही. तो रकाना कोरा ठेवलाय.