पत्नीला काय म्हणता?

माझ्या पत्नीला तिच्या कंपनीने अमेरिकेला पाठवले, त्या वर्षी आम्ही माणमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. ती हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती आणि मी घोटावड्याजवळच्या कारखान्यात लेखाविभाग सांभाळत असे. लग्नाला तीन वर्षे होत आली होती. तिने आधी जावे, तिच्या व्हिसाच्या आधाराने पती म्हणून मी मागाहून अर्ज करावा आणि दिवाळीच्या आत दोघांनी तिकडे एकत्र असावे, असे ठरले होते. ती दिवाळी गेली, आणि तिच्यानंतरची दिवाळीही मी माणमध्येच पाहिली. असे का झाले, याची उत्तरे मी निरनिराळ्या माणसांना निरनिराळी दिली. त्यांतले एकही खोटे नव्हते. पण ती सगळी एकत्र ठेवली तरी काहीतरी उरतेच, आणि ते काय हे मला अजून नीट कळलेले नाही.

आमच्या घरमालकीणबाई साठीच्या होत्या. त्यांच्या शेतातला बराच भाग कंपन्यांच्या रस्त्याखाली गेला होता आणि राहिलेल्यावर त्यांनी खोल्या बांधल्या होत्या. गोठ्यात मात्र एक म्हैस अजून होती, आणि सकाळी दूध द्यायला येताना त्या चौकशी केल्याशिवाय जात नसत.

"भाऊ, वैनी कवा येत्यात?"

"ती येणार नाही, मावशी. मलाच तिकडे जायचंय."

"तुमी जानार? बायकूच्या मागं?" त्यांनी भांडे खाली ठेवले. "लगीन झाल्यावं पोरगी सासरी जाती, येवढं मला ठावं हाय. बाप्या कुटं जातुया?"

"व्हिसा मिळाला की जाईन."

"तवर तुमी माहेरपणाला हायसा म्हना की आमच्याकं!" असे म्हणून त्या हसत निघून गेल्या. पुढे महिनाभर त्या मला ‘माहेरवाशीण’ म्हणत. मला राग येत नसे. आपल्याला राग का येत नाही, याचेच थोडे नवल वाटे.

मुलाखतीसाठी मी मुंबईला वकिलातीत गेलो तेव्हा सर्व कागद क्रमाने लावलेले होते. खिडकीपलीकडचा अधिकारी सौजन्याने बोलत होता. शेजारी मराठी दुभाषी बाई बसल्या होत्या. अधिकाऱ्याने विवाहाचा दाखला आणि पत्नीच्या पारपत्राची प्रत शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, ही दोन नावे वेगळी कशी? आडनाव बदलते हे त्याला माहीत होते. दोन्हीकडचे पहिले नावही वेगळे होते.

मी समजावून सांगितले. आमच्याकडे नवी सून घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहितो. पारपत्र तिने लग्नापूर्वी काढलेले होते, त्यामुळे त्यावर माहेरचे नाव होते. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद करायला माझा थोरला भाऊ गेला होता, आणि त्याने घरात चालणारे नाव सांगितले.

"हे नाव तुम्ही निवडलंत?" दुभाषी बाईंनी त्याचा प्रश्न मराठीत विचारला.

"माझ्या बहिणीने. तिने कानात सांगितलं, मी लिहिलं."

"आणि तुम्ही स्वतः पत्नीला घरी काय म्हणता?"

प्रश्न साधा होता. नवे नाव माझी आई घेत असे, बहीण घेत असे. जुने नाव तिचे आईवडील आणि तिच्या कचेरीतले लोक घेत. मी तिला तीन वर्षांत या दोहोंपैकी एकाही नावाने हाक मारली नव्हती. आमच्या घरात कोणी नवरा तशी मारतही नसे.

"अगं म्हणतो," मी म्हणालो.

दुभाषी बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होते. त्यांना माझे म्हणणे पुरते समजले असणार, कारण त्यांनी क्षणभर माझ्याकडे फार ओळखीच्या नजरेने पाहिले. मग त्या इंग्रजीत दोन-तीन वाक्ये बोलल्या. अधिकारी हसला. त्याला माझा अर्ज संशयास्पद वाटला, की केवळ मौज वाटली, हे मला समजले नाही. त्याने कागद परत केले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असा रीतसर पुरावा आणावा, मग पुढे पाहू.

परतीच्या बसमध्ये मी दोन्ही नावे मनातल्या मनात उच्चारून पाहिली. पहिल्या नावाला ओ देणारी मुलगी मी पाहिलेलीच नव्हती. दुसऱ्या नावाची सून मला स्वयंपाकघरात पाठमोरी दिसली, आणि ती आईशी बोलत होती. माझ्याशी बोलणारी जी होती, तिच्यासाठी माझ्याजवळ नाव नव्हते. मला फार लाज वाटली. पण ती अधिकाऱ्यासमोर नाव सांगता न आल्याची होती की याहून जुन्या कशाची, हे लोणावळा मागे पडले तरी ठरवता येईना.

उपाय दोन होते. तिने तिकडच्या आपल्या वकिलातीतून पारपत्रावरचे नाव बदलून घ्यावे, किंवा मी इकडे प्रतिज्ञापत्र करून दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचे सिद्ध करावे आणि पुढे जुनेच नाव चालू ठेवावे. पहिल्यात तिच्या कामाच्या व्हिसाची कागदपत्रेही बदलावी लागणार होती. दुसरा सोपा होता. मात्र त्यात माझ्या घरी दिलेले नाव कागदोपत्री पुसले जाणार होते.

रविवारी सकाळी तिचा फोन येत असे. तेव्हा तिच्याकडे शनिवारची रात्र असायची. खोलीत मोबाइलला रेंज मिळत नसे, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून बोलत असे. उन्हाळ्यात मावशी तिथेच कुरडया वाळत घालायला बसत आणि आमचे संसाराचे बोलणे त्यांच्या देखरेखीखाली होई.

"मग काय करायचं?" मी विचारी.

"तुम्ही म्हणाल तसं."

"तुझ्या सोयीनं बघ. मला काय, दोन्ही चालेल."

"मलाही दोन्ही चालेल. तुमच्या घरच्यांना वाईट वाटायला नको."

"त्यांचं सोड. तुला काय वाटतं?"

"तुम्ही ठरवा ना."

मग ती तिकडच्या बर्फाविषयी सांगे आणि मी इकडच्या उन्हाविषयी. एकदा फोन ठेवल्यावर मावशींनी मान वर न करता विचारले, "काय ठरलं?"

"तिच्यावर सोपवलंय."

"आन् तिनं?"

"माझ्यावर."

"म्हंजी जित्तं तित्तंच हाय की!" त्यांनी एक कुरडई उलटवली. "लई गोड बोलता तुमी दोगं. भांडा की एकदा. भांडल्याबिगर कायबी ठरत न्हाई, आमच्याकडं तरी न्हाई."

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले. कारखान्यात कोणी विचारले की मी ‘व्हिसाचं काम चालू आहे’ असे सांगत असे, आणि ऐकणारा सहानुभूतीने परदेशी कारभाराला दोष देई. मी त्याला थांबवले नाही. तिकडून कोणी आम्हाला अडवलेले नव्हते, त्यांनी एक कागद मागितला होता. तो कागद आणायचा कोणी, एवढ्यावर आम्ही दोघे महिनोन्‌महिने एकमेकांना मान देत थांबलो होतो. तो आदर होता, की दोघांनाही एकत्र येण्याची घाई नव्हती? त्या वेळी मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. आज विचारतो, तेव्हा कधी एक उत्तर खरे वाटते, कधी दुसरे.

अखेर पावसाळा संपल्यावर मी पौडला एका वकिलाकडे गेलो. साक्षीदार म्हणून मावशी आल्या. नवे लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मावशी, यांच्या पत्नीला ओळखता?" वकिलांनी विचारले.

"व्हय तर. दोन वरसं माज्या खोलीत व्हती."

"त्यांचं नाव काय?"

"वैनी."

"नाव हो, नाव."

"आवो, मी वैनीच म्हनायची. नाव कशाला इचारू? तिनं तरी माजं कुटं इचारलंय?"

वकिलांनी चष्मा काढला. "मग दोन्ही नावांची बाई एकच आहे हे तुम्ही कसं सांगणार?"

"बाई एकच हाय, येवढं लिवा. दुसरी कोन आली आसती तर मला कळलं नसतं का? माज्या म्होरनं जिन्यावरनंच गेली आसती की!"

कारकुनासकट सगळे हसले. वकिलांनी मजकूर कसाबसा बसवला आणि मला विचारले, "यापुढे त्या कोणतं नाव वापरणार? ते स्पष्ट लिहावं लागेल."

"तिला विचारून सांगतो."

"अजून विचारलं नाहीत?"

मी वर्षभर विचारतच होतो, असे मला सांगायचे होते. पण ‘तुला काय वाटतं’ म्हणताना मी प्रत्येक वेळी तिच्या उत्तराच्या आधीच माझा रुकार पुढे केला होता. त्याला विचारणे म्हणता येईल का, याची मला खात्री नव्हती. आमचे बोलणे रविवारीच होई, म्हणून तोपर्यंत थांबलो.

त्या रविवारी मी बर्फाचा विषय निघू दिला नाही. "कोणतं नाव तुझं आहे, तेवढं सांग," मी म्हणालो. "कोणाला काय वाटेल ते बाजूला ठेव."



"माहेरचं," ती म्हणाली. "दुसऱ्या नावाला मी ओ देते, पण आधी क्षणभर मागे वळून बघते, कोणाला बोलावलं म्हणून. अजूनही."

"बरं. तेच लिहितो."

"इतकं लगेच? तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

वाटले होते. पण काय वाटले हे सांगण्याइतके ते स्पष्ट नव्हते. "वाटलं," एवढेच मी म्हणालो. त्यावर तिने विचारले, "रागावलात?" आणि मी खरे तेच सांगितले, "माहीत नाही." आमच्यातले ते पहिले असे बोलणे असावे, ज्यात कोणीच कोणाला सांभाळून घेतले नाही.

प्रतिज्ञापत्र झाले. कागद पोहोचले आणि काही आठवड्यांनी व्हिसाचा शिक्का मारलेले माझे पारपत्र माणला आले. मावशींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि माझा फोटो बघून म्हणाल्या, "चोरावानी दिसताया." त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मी वर गच्चीवर जाऊन फोन लावला. वार रविवार नव्हता. तिकडे पहाट होती, आणि ती झोपेतून उठली.

"मिळाला," मी म्हणालो.

ती आनंदली, असे वाटले. "एक सांगू? मला इथे एकटीची सवय झालीय," ती म्हणाली. "घरी येते, दार लावते, हवं तेव्हा जेवते. तुम्ही येणार म्हटल्यावर थोडी भीती वाटली. मला कळत नाही हे कशानं होतंय."

तिने हे लपवले असते तर मला कदाचित बरे वाटले असते. पण माझ्याही दोन खोल्या मला पुरेशा झाल्या होत्या, आणि शिक्का पाहिल्यावर आनंदाच्या आत मलाही भीतीसारखे काही जाणवले होते. "मलाही," मी म्हणालो. "मग काय करूया? थांबू का अजून थोडे दिवस?"

"नको," ती म्हणाली. "थांबलं की अजून सवय होते. या तुम्ही. आणि मोजे जास्त आणा, इथे पातळ मिळतात."

मी त्याच आठवड्यात तिकीट काढले. ज्या घरी जायचे होते तिथे माझी वाट कोणी पाहत होते की नाही, हे मला कळले नव्हते. लोकरीचे मोजे मात्र मी खूप नेले.