वाळू बघायला येणारे चाचा

पेणच्या टॉकीजला लागलेला तो सिनेमा चांगला की टुकार, यावर आम्हा मित्रांचं अजून भांडण होतं. नवरा गेलेली बाई वाळवंटातून चालत राहते, एवढीच त्याची गोष्ट. निम्मे लोक मध्यंतरातच उठून जायचे, उरलेले त्या वाळूचे रंग आठवत बसायचे. मी उठून जाणाऱ्यांतला. भांडण नीट करता यावं म्हणून पुन्हा गेलो, तेव्हा शेजारी ते चाचा होते.

डोक्यावर जाळीची टोपी, मांडीवर बाजाराची पिशवी. पडद्यावर नुसती वाळू आली की ते पुढे सरकायचे, उजवी मूठ थोडी उचलायचे आणि हळूच उघडायचे. बाई दिसली की हात परत पिशवीवर.

मध्यंतरात चहा घेताना मी विचारलं, "चाचा, आवडला सिनेमा?"

"समजला नाय. पन रोज येतो. पोरगा तिकडं हाय, वाळूच्या मुलखात."

"नोकरीला?"

"नोकरीलाच गेलेला. तिकडंच दफन केला. आमाला कळलं तवर सगळं झालं होतं. बापानं कबरीवर माती द्यायची असते. माझी रायली."

मग त्यांनी विचारलं, "तिकडची वाळू अशीच असंल काय रं?"

अलिबागच्या किनाऱ्याखेरीज मी कुठलीच वाळू पाहिलेली नव्हती.

"व्हय, अशीच," मी म्हणालो.

"मऊ दिसते," ते म्हणाले, आणि घंटा झाली तसे अर्धा चहा ठेवून घाईनं आत गेले.

त्या दिवशी मी शेवटपर्यंत बसलो.