हाताने दोन फेरे

जुन्या मोटारसायकलच्या इंजिनात कॅम चेन बसवली की लगेच किक मारायची नाही, आधी पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे, हा आमच्या गॅरेजचा नियम. काल मी दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवल्या, चेन ताणली आणि फिरवायला घेतलं. पहिला फेरा पुरा होता होता पाना अडला. मी हात तिथेच थांबवला. चेन एक दात चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतो, आणि या गाडीचे व्हॉल्व्ह आता कुठेच मिळत नाहीत.

"सदाभाऊ, अडलं."

मिस्त्री बाकड्यावरून उठलेही नाहीत. "जोर लावलास?"

"नाही."

"मग काही बिघडलं नाही. मागे फिरव आणि चेन काढ. पुढच्या बाजूला ढिली राहिली असणार. अरे, ढील पतंगाला द्यायची!"

नववीत गणित अडलं, तेव्हा सगळे जोर लाव म्हणाले. मागे फिरून पुन्हा जुळवता येतं, हे कुणी सांगितलं नाही. मी शाळाच सोडली. चंदगडहून एवढ्या लांब, बडोद्याला आल्यावर ते ऐकायला मिळालं.

चेन पुन्हा बसवली. त्याच जागी आल्यावर हात सावकाश केला. पाना अलगद पुढे गेला.

"झाले दोन?" सदाभाऊ उठून गाडीपाशी आले.

झाले होते. तरी मी भीतीपोटी तिसरा दिला. सदाभाऊंनी ते पाहिलं, आणि तो पुरा होईपर्यंत किकला पाय लावला नाही.