रिलीफ मागायचा नसतो

फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. दोन महिन्यांत बायको कंटाळली. म्हणाली, "दिवसभर मले सावधान-विश्राम करवून राहिले तुम्ही. बाहेर काही काम पाहा ना." म्हणून हायवेवरच्या एका वेअरहाऊसमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झालो. ती माझी दुसरी पोस्टिंग. नागपुरातल्या महाल भागातून स्कूटरनं निघायचं आणि शिफ्ट लागायच्या आधी गेटवर हजर व्हायचं.

वेअरहाऊस म्हणजे पत्र्याची मोठी शेड. कंटेनरच्या गाड्या मागे घेऊन डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, लावायच्या. लोडरनं कंटेनरच्या आत शिरून खोकी काढायची. फ्लोअर मॅनेजर निखिलसाहेब तिशीचा पोरगा होता, शिकलेला आणि मनानं चांगला. इथं लोक खुशीनं काम करतील असं वातावरण करायचं, हे त्यानं मनावर घेतलं होतं. भिंती पिवळ्या करून घेतल्या, वाढदिवसाला केक आणू लागला, आणि शनिवारी सगळ्यांची मीटिंग सुरू केली. कुणीही उभं राहून काहीही बोलावं. मला ते मनापासून आवडलं. फौजेत आमचा दरबार भरतो, तिथं साधा जवानही थेट सीओसाहेबांना आपला पॉइंट सांगू शकतो. मी तसं बोललो तर निखिलसाहेब खूश झाला.

पण पहिल्या तीन मीटिंगांत एकही माणूस बोलला नाही. चौथ्या वेळी देवानंद मेश्राम उभा राहिला. कुहीकडचा लोडर, रोज मोटरसायकलनं यायचा. गेटवर मला "जयभीम सुभेदारसाहेब" म्हणायचा, मी "जय हिंद" म्हणायचो, आणि मग तो माझ्या मिशांची चौकशी करायचा.

"साहेब," तो म्हणाला, "उन्हाळ्यात कंटेनर आतून तव्यासारखा तापते. एकच माणूस गाडी खाली करेपर्यंत आत राहते. मधात माणूस बदलला पाहिजे."

निखिलसाहेबानं टाळ्या वाजवल्या. देवानंदचा फोटो भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी नियम निघाला: ज्याला त्रास होईल त्यानं वॉकीटॉकीवर रिलीफ मागावा, लगेच दुसरा माणूस मिळेल, पगार कापला जाणार नाही.

नियम वाचला आणि माझं डोकं फिरलं. तडक केबिनमध्ये गेलो.

"साहेब, रिलीफ मागायचा नसतो."

"म्हणजे?"

"पहाऱ्यावरचा सेंट्री कधी रिलीफ मागत नाही. टाइम झाला की दुसरा माणूस येतो. थकला का, नाही थकला, कोणी विचारत नाही."

"सुभेदारसाहेब, मला माणसांवर विश्वास टाकायचाय. घड्याळ लावून माणसं हलवायची म्हणजे पुन्हा तुमची ती फौजच झाली."

मी त्याला बर्फातल्या पोस्टची गोष्ट सांगितली. मी तेव्हा हवालदार होतो. माझी सेंट्री ड्यूटी चालू होती आणि वादळ सुटलं. खालच्या बंकरपासून वर दोर लावलेला होता. मला वाटलं, अशात कोण येतंय, आपणच थांबू. पण वेळेवर नाईक बलबीर दोर धरून वर आला, भुवयांवर बर्फ. मी ओरडलो, "कशाला आलास? मी थांबलो असतो." तो म्हणाला, "आपका टाइम खतम, उस्ताद. नीचे जाइए." खाली गेलो तेव्हा कळलं, माझ्या पायाची बोटं बधिर झाली होती. मला पत्ताच नव्हता. विचारलं असतं तर ओके म्हणालो असतो.

निखिलसाहेबानं मन लावून ऐकलं. म्हणाला, "छान आहे. शनिवारी सगळ्यांना सांगा." नियम तसाच राहिला.

वॉकीटॉकीचा चॅनल एकच, सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. पहिल्याच आठवड्यात एका लोडरनं रिलीफ मागितला. लगेच कोणीतरी बोललं, "नाजूकराव, पलंग पाठवू का?" अख्खी शेड हसली. मी चॅनलवर येऊन शिव्या दिल्या, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर कोणी रिलीफ मागितला नाही. देवानंद तर नाहीच. गेटवर मी त्याला टोकलं तर म्हणाला, "मीच मागितला तं म्हणतीन, यानं आपल्यासाठीच नियम करून घेतला."

"म्हणू दे. तू मागत जा."

तो हसला. "तुम्ही मागितला असता काय, साहेब?"

गमछा भिजवून घे म्हणालो.

मग नवतपा लागला, मे अखेरचे नऊ दिवस. त्या दिवसांत नागपुरात दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. मी आणखी दोनदा केबिनमध्ये जाऊन आलो. दुसऱ्या वेळी ऐकून घ्यावं लागलं की सिक्युरिटीचं काम गेटवर आहे, फ्लोअरवर नाही. अशाच एका दुपारी गाड्यांची रांग लागली होती. देवानंद चार नंबरच्या डॉकवर, कंटेनरच्या आत. मी गेटवरून विचारत होतो.

"डॉक चार, गेट. देवानंद, कसा आहेस?"

"ओके साहेब."

थोड्या वेळानं पुन्हा.

"डॉक चार, गेट."

"ओके. थोडंच राहिलं."

तिसऱ्यांदा उत्तराला उशीर झाला. मग आवाज आला, एकदम शांत. "बैल सोडा बाबा. पाणी दाखवून आणतो त्यायले."

मी गेट सोडून पळालो. उभ्या नोकरीत मी पोस्ट सोडली नव्हती. पळता पळता चॅनलवर बोललो, "सगळे डॉक, काम बंद. पाणी आणा, बर्फ आणा. गाडी काढा."

तो आत खोक्यांना टेकून बसला होता. अंग भट्टीसारखं आणि घामाचा थेंब नाही. मला ओळखलं नाही त्यानं. चौघांनी बाहेर आणला, पाणी ओतलं, पंखे लावले. निखिलसाहेब धावत आला, अंगातला शर्ट काढून भिजवला आणि त्याच्या डोक्यावर धरला. ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता स्वतःच्या गाडीत टाकून नेला. मी मागच्या सीटवर देवानंदचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. रस्ताभर बोलत राहिलो, त्याच्या बैलांबद्दल. संध्याकाळी तो गेला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

दवाखान्याच्या बाकावर निखिलसाहेब रडत होता. मधेच म्हणाला, "नियम होता ना, सुभेदारसाहेब. मग त्यानं मागितला का नाही?" मला फार राग आला. उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. फौजेत माणसं गेलेली मी पाहिली आहेत. इतकं वाईट मला तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तिथं समोर दुश्मन असायचा.

रिलीफ मागायचा नियम गेला; आता तिथं ठरलेल्या वेळी माझी शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की आतला बाहेर येतो, बाहेरचा आत जातो. कोणाला विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. गाड्या पूर्वीइतक्याच वेळात खाली होतात. निखिलसाहेब स्वतः डॉकवर उभा राहतो.

देवानंद गेल्यावर आठवड्यानं त्याची बायको त्याचा डबा आणि चपला न्यायला आली. सोबत दीर होता. तिनं फ्लोअरवरची सगळी माणसं पाहिली आणि मला विचारलं, "एवढी माणसं होती इथं. यायनं कोणाले आवाज काहून नाही देला?"

"त्यानं आवाज द्यायचा नव्हता, बेटा," मी म्हणालो. "आम्ही जायचं होतं."

तिनं डबा पिशवीत ठेवला आणि निघून गेली.

माझ्या पलटणीतले जे गेले त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. वेअरहाऊसमध्ये तसा दगड नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. देवानंद मेश्राम, लोडर, डॉक चार. ड्यूटीवर असताना गेला.