तीनशे टर्मिनलांची हजेरी

कल्पना करा, तुमच्या एका हुकमासरशी तीनशे टर्मिनलांनी, म्हणजे पडदा-कळफलकाच्या जोड्यांनी, बँकेच्या मोठ्या संगणकाशी, मेनफ्रेमशी, सेशन म्हणजे जोडणी सुरू करायचीय. आणि त्यांतलं एकही टर्मिनल खरं नाही! सगळी एका प्रोग्रॅमने घेतलेली सोंगं.

संगणक एवढा भार पेलतो का हे पाहायला, देवपूरच्या घरी बसून दिपमाला हेच करत होती. कापूस पिकवणाऱ्या घरातली ही पहिली इंजिनिअर, आणि तिची ही पहिलीच स्वतंत्र चाचणी. आज तीनशेच्या तीनशे उठली नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. दोनदा गाडी एकशे ऐंशीवरच अडली.

"उठनात का बठ्ठा?" सगळी उठली का, असं तिच्या आईनं, यशोदाबाईंनी विचारलं.

"नही ना, माय!"

"बठ्ठासले एकदम हाका मारशी तर कोन उठी?"

दिपमाला हसली आणि हसता हसताच थबकली. तिने वीस-वीसच्या तुकड्या केल्या, मध्ये दोन-दोन सेकंद सोडले. दोनशे, दोनशे ऐंशी, तीनशे!

"माय वं, उठनात बठ्ठा!" ती खुर्चीतून उडालीच.

खात्रीसाठी तिने चाचणी आणखी दोनदा चालवली. तीनशे आलीच. पण एकदा सातवं टर्मिनल सगळ्यांत आधी आलं, एकदा अठरावं. हुकूम तोच, यंत्र तेच. मग पहिलं कोण, हे ठरवतं तरी कोण?