देव पुढं, चटणी मागं

उज्वलाने पॅकिंगची पक्की नोकरी सोडली तेव्हा शिरवण्यातल्या तिच्या चाळीला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण ही बाई मुळातच धीट. साताऱ्याकडून लग्न होऊन आली आणि त्याच आठवड्यात एकटी रिक्षा करून वाशीला गेली, कांदा मार्केटात पोती वाहणाऱ्या नवऱ्याला, धनाजीला, डबा देऊन आली. 'तुला जमेल का?' असं तिला त्यानंतर घरात कुणी विचारलं नाही.

आता डोक्यात चटणी होती. सासूची, वेणूबाईंची कांदा-लसूण चटणी. लोक पावसाच्या आधी वर्षाची बेगमी करतात, म्हणजे खपली तर याच उन्हाळ्यात, नाहीतर डबे घरात पडून. तिची जागा सुपरवायझरने महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. चटणी नाही खपली तर मुकाट्याने परत जायचं, हे तिने स्वतःच कबूल केलं होतं.

वेबसाइट तिने व्हिडिओ बघत बघत स्वतःच केली आणि गावच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. काय सांगू, धडाधड हात जोडले गेले! 'भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!' फुलं आली, घंटा आल्या. ऑर्डर मात्र एकही नाही. दुसऱ्या दिवशी तिने परत लिंक टाकली, परत तेच. उज्वलाचा जीव टांगणीला लागला.

रविवारी नणंद नमिता आली. महापेच्या कंपनीत वेबसाइटचीच कामं करणारी. तिने ग्रुप उघडला आणि पोट धरून हसायला लागली.

"वैनी, हे बघ. लिंकच्या चौकटीत काय दिसतंय?"

चौकटीत भैरवनाथाचा फोटो आणि खाली '॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥'. बस्स. चटणीचं नाव नाही. लोकांनी पाया पडून पुढचा मेसेज बघितला, त्यांचं काय चुकलं?

लग्नपत्रिका असो की दुकानाची पाटी, वर आधी देव, हा वेणूबाईंचा कायदा. म्हणून पानावर पहिला फोटो देवाचा, आणि वेबसाइटने नाव विचारलं तिथेही उज्वलाने हेच लिहिलेलं.

"पानाच्या डोक्यात एक जागा असते," नमिता म्हणाली. "वाचणाऱ्याला दिसत नाही. लिंक पाठवली की मशीन आधी तिथं बघतं. नाव काय, माहिती काय, फोटो कुठला. तू नाव देवाचं दिलंस, बाकी कोरं ठेवलंस. मग त्याला पहिला जो फोटो दिसला तो त्यानं उचलला."

"देव हलवायचा न्हाई हां!" आतून वेणूबाई कडाडल्या.

"न्हाई हलवत, आत्याबाई! तो पानावर हाय तिथंच ऱ्हाणार," उज्वला म्हणाली. तिची बोटं फोनमधले फोटो शोधायला लागली होती. डब्यांचे फोटो तिला बेचव वाटले. मग एक सापडला: वेणूबाईंचे हात, मनगटापर्यंत लाल, परातीत चटणी कालवताना. तिने तो त्या न दिसणाऱ्या जागेत लावला आणि नाव लिहिलं, 'वेणूबाईंच्या हातची कांदा-लसूण चटणी'. खाली, 'नवी मुंबईत घरपोच'.

तिने नमिताला लिंक पाठवून बघितली. परत भैरवनाथ! उज्वला रडकुंडीला आली.

"मशीननं जुनं लक्षात ठेवलंय," म्हणत नमिताने लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एक आकडा जोडला. मशीनला ती नवीन लिंक वाटली. या वेळी चौकटीत लाल हात उमटले आणि उज्वला अशी किंचाळली की शेजारची उज्वलाच्या दाराशी धावली.

मग ग्रुपवर टाकली. तिघी फोनवर वाकून बसल्या. पहिला आवाजी मेसेज आला तळवलीच्या शेवंताबाईंचा, वेणूबाईंच्या माहेरच्या मैत्रिणीचा. "वेणे! अगं अंगठ्याजवळचा भाजल्याला डाग बगून वळखलं म्या! हायेस व्हय अजून? दोन किलो पाठव. आन् सुनंकडनं पाठवू नगंस, तूच ये घिऊन!" पाठोपाठ मेसेजवर मेसेज. किलो, अर्धा किलो, जावयासाठी वेगळी तिखट.

वेणूबाईंचं नाव रेशनकार्डाच्या पलीकडे आजवर कुठे लागलं नव्हतं. त्यांनी तो आवाज परत ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, मग पदराने डोळे पुसले.

उज्वलाने सुपरवायझरचा नंबर काढला. माझी जागा द्या कुणालाही, सांगायचं होतं.

"त्याला मागनं सांग," सासू उठत म्हणाली. "डबे पुरायचे न्हाईत. आधी मिरची आण."